लिंबाबाईचा रोवणा

यंदा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, लांबला. धानाचे पऱ्हे वाफ्यात वीतभर वाढून वाट पाहत राहिले, आणि मग पाणी आलं ते असं आलं की चार दिवसांत साऱ्या शिवाराचा चिखल झाला. ज्याला त्याला एकाच दिवशी रोवणाऱ्या बाया पाहिजे झाल्या. आमच्या लेकानं लाखांदूरच्या पलीकडून टेम्पोभर बाया आणल्या. पाठीवर युरियाच्या पिशव्यांचं प्लास्टिक, कमरेला मोबाइल, आणि मोबाइलात गाणी. आमच्या वेळी गाणी आम्हीच होतो.

माझे गुडघे आता चिखलात उतरू देत नाहीत. म्हणून मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते. सून ओरडते, "आई, खुर्ची रुतून राहिली, पडान." मी म्हणते, "पडली त चिखलातच पडीन ना, पहिल्यांदा पडून राहिली काय?"

परवा तिथंच बसले होते. नात प्राची नागपूरहून आली आहे, कॉलेजला सुट्ट्या आहेत. ती माझ्याजवळ धुऱ्यावर टेकली आणि मोबाइल पुढं धरला. कोण्या दूर देशातली पोरं-पोरी कॉलेजच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसली होती. हातात पाट्या. पोलीस एकेकाला उचलून नेत होते. प्राची म्हणाली, "आजी, यांच्या सरकारनं दूरच्या लढाईत हात घातला. ती लढाई यायले मंजूर नाही. म्हणून बसले आहेत."

"अन् यांचे मायबाप काय म्हणतात?" मी विचारलं.

प्राचीला हसू आलं. "आजी, साऱ्या जगाचं सोडून तुले यांच्या मायबापाचं कायले पडलं?"

पडलं म्हणजे काय! असं एक घर मला चांगलं ओळखीचं आहे. मी ते पाहिलं नाही, त्याच्या दारात कधी उभी राहिले नाही, ते कोणत्या दिशेला आहे तेही मला सांगता यायचं नाही. पण त्या घरात एका पावसाळ्यात काय चाललं होतं ते मला आमच्या घरापेक्षा जास्त पाठ आहे. ते लिंबाबाईचं घर.

लिंबाबाईचं खरं नाव लिंडा. अमेरिकेची. त्या काळी तिकडचं सरकार आपली शिकली-सवरली पोरं-पोरी आपल्याकडच्या खेड्यांत पाठवत असे. कोणी कोंबड्या पाळायला शिकवी, कोणी परसात भाजी लावायला. ही आमच्या गावाच्या वाट्याला आली आणि आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहिली. मी लग्न होऊन वर्षभराची, सतरा-अठराची. ती बावीसची. उंच इतकी की आमच्या दाराच्या चौकटीनं तिला पहिल्या आठवड्यातच चार टेंगळं दिली. सासूबाईंना 'लिंडा' म्हणता येईना. त्यांनी एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, आणि म्हणाल्या, "राहू दे बाई, तू लिंबाच." तेव्हापासून साऱ्या गावाची लिंबाबाई.

ती पुस्तकी मराठी शिकून आली होती. 'मला भूक लागली आहे, कृपया मला भात द्या.' आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. सहा महिन्यांत तिचं 'मला' गेलं आणि 'मले' आलं. एकदा तिचे कोणी साहेब पाहणीला आले, तर ही त्यांच्यासमोर म्हणाली, "कोंबड्या मरून राहिल्या, मी काय करू बाप्पा?" साहेबांनी कपाळाला हात लावला. कोंबड्या खरंच मेल्या, साऱ्या. त्यावर मात्र ती आठ दिवस रडली.

सासूबाईंचा तिच्यावर जीव. मला एखाद्या वेळी वाटायचं, सून मी आहे का ही? एकदा आम्ही तिघी लाखांदूरला बाजाराला गेलो होतो. परतीच्या बसची वाट पाहत उभ्या होतो, तर पांढऱ्या टोपीतला एक माणूस लिंबाजवळ आला. ती कुठली हे त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. तसा तो म्हणाला, "तुमचा देश तिकडं व्हिएतनाममध्ये लेकराबाळांवर बॉम्ब टाकून राहिला, अन् इकडं आमाले कोंबड्या शिकवता?"

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली. "काहून गा, तिनं टाकला काय बॉम्ब? ते त आमच्या घरी राहते. भाजी निवडते."

माणूस वरमला आणि बसथांब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. पण घरी आल्यावर लिंबा म्हणाली, "आत्याबाई, तो मानूस खरं बोलला. ते बॉम्ब बंद करा म्हणूनच मी तिकडं मोर्च्यात गेलती. माझा भाऊ अजून जाते." सासूबाईंना मोर्चा म्हणजे काय ते नीटसं ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "बरं बरं. जेवून जात असंन ना पण?"

आता मुख्य गोष्ट सांगते. गोष्ट म्हणजे तरी काय, एक शब्द आहे. त्या एका शब्दानं आम्ही त्या पोरीला रडवलं.

त्या वर्षी आमचा रोवणा जोरात होता. तुम्ही कधी रोवणा पाहिला नसेल तर सांगते. चिखललेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, दहा-बारा बाया एका ओळीत वाकतात. डाव्या हातात पऱ्ह्याची पेंढी, उजव्या हातानं तीन-चार रोपं सुटी करायची, चिखलात खोचायची, आणि एक पाऊल मागं. परत खोचायचं, परत मागं. आमच्या पाठीवर तेव्हा बांबूच्या कामट्यांचं आणि पळसाच्या पानांचं छप्पर असे. त्यावर पाऊस वाजायचा, आणि त्या आवाजाखाली ओल्या पानांचा आणि स्वतःच्या घामाचा एक कोंदट वास. तो वास मला अजून येतो, कुठंही बसले असले तरी. बोटांची कातडी शिजल्यासारखी पांढरी व्हायची. पायाच्या बोटांत चिखल्या. रात्री त्यांवर गरम तेल घातलं की जीव कळवळायचा आणि बरंही वाटायचं.

लिंबाही उतरायची. तिची ओळ वाकडी जायची, पेंढी अर्धी वाहून जायची. गिरजाबाई म्हणायच्या, "हिनं रोवलेला धान अमेरिकेकडं तोंड करून उगवते." गिरजाबाई आमच्या शेजारीण, जिभेच्या तिखट. त्यांचा एकुलता पोरगा फौजेत, सरहद्दीवर होता. त्याचं पत्र आलं की त्या मला वाचायला लावायच्या, कारण मी चौथी पास. दोनदा वाचायला लावायच्या. एकदा ऐकायला, एकदा रडायला.

त्याच आठवड्यात खालच्या आळीतल्या पोराचा मास्तरकीच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. साऱ्या गावात गूळ वाटला. 'नंबर लागला' हा आमच्याकडे सोन्याचा शब्द. नंबर लागला म्हणजे पोरगं मार्गी लागलं, घर वर आलं. लिंबानंही तो गूळ खाल्ला आणि तो शब्दही उचलला.

आणि एका दुपारी ती धुऱ्यावरून आली. हातात निळं पत्र. आम्ही साऱ्या वाकलेल्या. कोणीतरी विचारलं, "काय लिवलं वं घरून?"

ती म्हणाली, "माझ्या भावाचा नंबर लागला."

मग काय विचारता! आम्ही एकदम ओरडलो. पेंढ्या टाकल्या. मीच आधी पळाले आणि तिच्या दोन्ही गालांना चिखल फासला, आमच्यात आनंदाला असंच करतात. एक म्हणाली, गूळ. दुसरी म्हणाली, गुळावर नाही भागायचं, अमेरिकेचा पेढा पाहिजे. गिरजाबाईंनी तर विचारलं, "पगार किती? पोरगी पाहिली का त्याच्यासाठी?"

लिंबा तशीच उभी. चिखलातून दोन पांढऱ्या रेघा खाली आल्या तेव्हा मला दिसलं की ती रडते आहे. मला वाटलं, आनंदानं.

"नोकरी नाही," ती म्हणाली. "लढाई."

नुसता पाऊस पाठीवरच्या पानांवर.

मग तिनं धुऱ्यावर बसून सांगितलं. तिकडं कोणत्या पोरानं लढाईला जायचं ते चिठ्ठ्या काढून ठरवतात. वर्षाच्या साऱ्या तारखा चिठ्ठ्यांवर लिहितात, आणि ज्या तारखेची चिठ्ठी आधी निघेल त्या तारखेला जन्मलेल्या पोरांचा नंबर आधी. तिच्या भावाची तारीख अगदी वरच निघाली होती. भावाचं नाव डॅनी. एकोणीस वर्षांचा. सासूबाईंनी त्याच क्षणी त्याचा दान्या केला.

"जन्मतारखेवर?" एक बाई म्हणाली. "माय वं! आमच्या गुरुजीनं त शाळेत साऱ्याइची एकच तारीख लिवली. आमची चिठ्ठी निघाली त सारं गावच जाईन!"

आम्ही हसलो. हसू नये तेव्हाच हसू येतं, पाहा. लिंबाही हसली आणि मग जास्तच रडली.

पत्र डॅनीचं होतं. त्याला ही लढाई पटत नव्हती. तो पाटी घेऊन मोर्च्यात जायचा, दोनदा पोलिसांनी धरलाही होता. बाप मोठ्या महायुद्धात लढून आलेला, त्याचं पदक भिंतीवर काचेत लावलेलं. बाप-लेक एका ताटावर बसेनासे झाले होते. आई दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायची. डॅनीपुढं तीन वाटा होत्या. लढाईत जायचं, नाही म्हणून तुरुंगात जायचं, नाहीतर शेजारच्या देशात, कॅनडात, पळून जायचं. पळाला तर घरी परत येता यायचं नाही. त्यानं बहिणीला लिहिलं होतं, तू सांगशील ते करीन. महिन्याभरात हजर व्हायचं होतं. पत्र यायला आणि जायलाच ते दिवस संपणार.

बावीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर केवढं ओझं ते! तिनं 'जा' म्हटलं आणि तो मेला तर? 'पळ' म्हटलं आणि आईला पोरगा कधीच दिसला नाही तर?

"अन् बाप काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

लिंबा अडखळली. भेकडाला मराठीत काय म्हणतात ते तिला येईना. हातानं दाखवत म्हणाली, "बाप म्हणते, मागं सरणारा मानूस माझ्या घरात नको."

सासूबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "म्हंजे? आमी सकाळपासून काय करून राहिलो?"

"रोवून राहिलो," कोणीतरी म्हणालं.

"मागंच त सरून राहिलो ना," त्या म्हणाल्या. "समोर गेलं त लावलेलं तुडवणं होते, बाई."

आणि त्या परत वाकल्या. त्यांच्या लेखी विषय संपला. दहा बांध्या रोवायच्या बाकी होत्या.

मला मात्र तिथंच थांबता येत नाही, कारण त्यानंतर गिरजाबाई बोलल्या. मोठ्यानं नाही. रोपं खोचता खोचता, खालीच पाहत. "सारेच मागं सरले त माझ्या पोराच्या बाजूले कोण उभा राहीन?" आज इतक्या वर्षांनी मी दोघींची बोलणी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहते आणि मला दोन्ही खरी वाटतात. प्राचीसारखी शिकलेली माणसं सांगतात की एक खरं असेल तर दुसरं खोटं असतं. असेल बाई. मला इतकंच कळतं की त्या दोघी एकाच बांधीत, एकाच ओळीत, एकमेकींच्या कोपराला कोपर लावून वाकल्या होत्या.

गिरजाबाई चार दिवस लिंबाशी बोलल्या नाहीत. लिंबा आली की तोंड फिरवायच्या. लिंबाचंही जेवण तुटलं होतं. ताटात भात आणि जवसाची चटणी तशीच राहायची. कोरा कागद पुढं घेऊन ओसरीत बसायची, एक ओळ लिहायची, खोडायची. पाचव्या दिवशी सकाळी गिरजाबाई आमच्या अंगणात आल्या. हातात फणसाच्या चार गऱ्यांचं पान. लिंबाच्या पुढं ठेवलं आणि रागावल्यासारख्या म्हणाल्या, "नाव काय वं तुझ्या भावाचं? नीट सांग एकडाव."

"डॅनी."

"दान्या. बरं. मी माझ्या पोराच्या नावानं रोज दिवा लावतो. त्याच्यातच त्याचंबी नाव घेऊन टाकीन. तेल काही जास्त लागत नाही."

लिंबा त्यांच्या गळ्यात पडली. गिरजाबाई "अवं सोड, लुगडं धुतलेलं आहे" म्हणत राहिल्या आणि त्यांनी काही तिला सोडवलं नाही.

त्याच दिवशी पत्र लिहून झालं. पोस्टात टाकायला मी तिच्याबरोबर गेले. वाटेत विचारलं, "काय लिवलं? जा म्हटलं का नको म्हटलं?"

"काहीच नाही म्हटलं, कौसल्या. तुमी रोवता कशा, तेवढंच लिवलं. आत्याबाई काय म्हणाल्या तेबी, अन् गिरजाबाई काय म्हणाल्या तेबी. अन् लिवलं, तू जे करशीन ते कर, मी तुझी बहीणच राहीन."

मला तेव्हा वाटलं, ही पळवाट झाली. भाऊ विचारतो काय आणि ही सांगते काय! आता माझी स्वतःची लेकरं-नातवंडं झाली, त्यांनी मला विचारलेलं आणि न विचारलेलं पुष्कळ पाहून झालं. आता वाटतं, याहून दुसरं काही कोणाला लिहिता येत नसेल.

उत्तर यायला धान पोटरीत, कणसं धरायला आला. डॅनी गेला होता, कॅनडात. घरातून निघाला तेव्हा बाप अंगणात मोटार धूत होता. त्यानं मान वर केली नाही म्हणे. आई एकटी पडली म्हणून लिंबानंही मुदतीच्या आधीच परत जायचं ठरवलं. ती गेली त्या दिवशी सासूबाई शेतातच राहिल्या, बसपर्यंत आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तू जा पोचवून दे. मले काम आहे." काम काही नव्हतं. धान आपल्या आपण वाढत होता.

धान कापून, चुरून-मळून घरात आला. थंडी पडली. आणि एक दिवस तिचं पत्र आलं, मोठ्या मोठ्या देवनागरी अक्षरांत, वेलांट्या उलट्यापालट्या. मी अंगणात मोठ्यानं वाचलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. गिरजाबाई येऊन बसल्या होत्या.

लिंबानं लिहिलं होतं की एक दिवस बाप कोणाला न सांगता मोटार घेऊन निघाला. दोन दिवस चालवत सरहद्दीपलीकडं गेला. डॅनीला निरोप पाठवून एका चहाच्या दुकानात बोलावलं. दोघं अर्धा तास समोरासमोर बसले. बाप एक शब्द बोलला नाही, डॅनीही बोलला नाही. उठताना बापानं मोटारीतून आपला महायुद्धातला वर्दीचा जाड कोट काढला, आणि तो डॅनीला दिला. तिकडं थंडी फार असते. मग बाप परत दोन दिवस मोटार चालवत घरी आला.

माझं वाचून झालं. गिरजाबाई डोळे पुसत होत्या. सासूबाईंचे हात थांबले होते.

"हातात देला," त्यांनी विचारलं, "का अंगात घालून देला?"

मी पत्र परत वाचलं. तसं काही लिहिलं नव्हतं.

"विचार तिले."

मी विचारलं. गुरुजींकडून पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहून घेतला आणि आत तेवढंच लिहिलं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल, घर बदललं असेल, पोरीचं लग्न झालं असेल, काय सांगावं. ती लढाई पुढं संपली असं गुरुजींनी पेपरात वाचून सांगितलं. गिरजाबाईंचा पोरगा सुखरूप पेन्शनीवर घरी आला, त्याला नातवंडं झाली. पण सासूबाईंचं ते राहूनच गेलं. दर थंडीत, पहिली शाल काढली की एकदा तरी विचारायच्या, "आलं का वं तिचं पत्र?" मी नाही म्हणायची. मग थोड्या वेळानं आपल्याशीच, "घालून देला असंन. बापच होय शेवटी." आणि परत थोड्या वेळानं, "पण हातातच देला असला त?"

त्यांच्या शेवटच्या वर्षी त्यांना माणसं ओळखू येईनात. मला त्या आपली बहीण समजायच्या. एका सकाळी मी त्यांची खाट उन्हात ओढली, अंगावर वाकळ घातली, आणि त्या एकदम माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाल्या, "दान्याच्या बापाचं कळलं का?"

मी म्हटलं, "हो आत्याबाई. कालच आलं पत्र."

"काय म्हणते?"

"अंगात घालून देला म्हणते. बाह्या सरळ केल्या. गुंड्या लावून देल्या."

"वरची बी?"

"वरची बी."

त्या वाकळ हनुवटीपर्यंत ओढून घेत म्हणाल्या, "मंग बरं. गळ्यालेच त लागते थंडी."